नागपूरच्या मशीननं काय पाह्यलं

पांढुर्णा
३ जुलै २०२५

चि. प्रणाली,

तुह्या गुणवंता मामाचा तुले अन् जावईबापूले पोटभर आशीर्वाद. पाकीट पाहून छातीत धस्स झालं असंल तर पाणी पी. कोणी गेलं-बिलं नाही, सारे जागच्या जागी आहेत.

आजकाल पत्र कोणी लिहीत नाही, हे मलेबी समजते. पन फोनवर तुहं बोलणं मले टिनावर पाणी पडल्यासारखं ऐकू येते. आवाज समजते, बोल समजत नाही. अन् तू मोबाइलवर लिहिलं की आधी हेमराज वाचते, मंग सूनबाई पूनम वाचते, मंग तुही मामी विचारते का काय लिहिलं. माह्यापाशी येईपर्यंत साऱ्या घराले पाठ झालेलं असते. मनून कागद घेतला.

गोष्ट अशी आहे. वर्षभरापासून माहे कान जाऊन राहिले. दोन्ही. आत रातकिडे वाजतात, दिवसाबी. आता तोलबी जाते. परवा बाजारात मी दोनदा लडखडलो त पानठेल्यावरच्या पोट्ट्यायनं एकमेकाकडं पाहून अंगठा तोंडाले लावला. मी, ज्यानं जल्मात थेंब नाही घेतला! संत्र्याच्या बगीच्यात गेलो त झाडाले धरून धरून चालतो. नागपूरच्या डॉक्टरनं कागदावर लिहून सांगतलं, डोक्याचा एमआरआय करा. कायले? त कानाच्या नसेवर गाठ त नाही ना, हे पाहाले.

गाठ हा शब्द वाचला अन् बाकीचं काही वाचलंच नाही मी.

तिगावचा एक पाव्हणा म्हणते, तिरडीवर निजवल्यावाणी निजवतात अन् बोगद्यात ढकलतात. दुसरा म्हणते, डोक्यातून करंट सोडतात. तू सौंसरच्या शाळेत पोराइले विज्ञान शिकवतं, मले शिकव. ते मशीन माह्या डोक्यात काय टाकते अन् काय काढून घेते? जे थोडंसं ऐकू येते तेबी जाईन का? माणसं म्हणतात, मले मरायचं भेव नाही. मले आहे बावा. अन् बहिरं होऊन जगायचं त्याहून जास्त आहे.

तुहा मामा
गुणवंता


सौंसर
७ जुलै २०२५

मामा,

साष्टांग नमस्कार. पाकीट पाहून खरंच धस्स झालं होतं. आई गेल्यापासून तुमच्या हातचं पत्रच आलं नव्हतं. मग वाचलं आणि पानठेल्याच्या गोष्टीवर हसू आलं. रागावू नका.

आधी हे लक्षात ठेवा: करंट सोडत नाहीत. एक्स-रेसारखे किरणही नाहीत. काही टाकत नाहीत, काही काढत नाहीत. ते मशीन म्हणजे एक लय मोठं लोहचुंबक आहे, एवढंच. आणि ते पाहतं काय, तर तुमच्या अंगातलं पाणी.

माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. मेंदूत तर त्याहून जास्त. त्या पाण्याच्या कणाकणात डोळ्याला कधीच न दिसणारी इवली इवली चुंबकं असतात. एरवी ती कुठंही तोंड करून असतात, बाजारात सुटलेल्या जनावरांसारखी. मोठं चुंबक आलं की ती रांगेत येतात. पोळ्याला तोरणाखाली बैल कसे उभे करतात, तसं समजा. आता कुणी जोरात डफडं वाजवलं तर बैल बिचकतात, मान फिरवतात आणि वाजणं थांबलं की हळूहळू पुन्हा सरळ होतात. कुणी लवकर सरळ होतं, कुणी उशिरा. मशीन तेच करतं. रेडिओसारख्या लहरीची एक थाप देतं आणि मग गप्प राहून कान लावतं की कोण कधी सरळ झालं. मेंदूतलं पाणी वेगळं वागतं, नसेतलं वेगळं, गाठीतलं वेगळं. त्या वागण्यावरून चित्र बनतं. मामा, हे पोरांना शिकवताना मीच दरवेळी थक्क होते.

आवाज फार मोठा असतो, ठोकल्यासारखा. कानात बोळे देतील ते काढू नका. हातात रबराचा एक फुगा देतात. जीव घाबरला तर दाबायचा. अंगावर धातू चालत नाही: कडं, अंगठी, करदोड्याची चावी, सगळं मामीजवळ ठेवा. हलायचं नाही. फोटोच्या वेळी हललं की चेहरा कसा पुसट येतो, तसं तिथं डोकं पुसट येतं.

आणि आत जायच्या आधी बरंच काही विचारतील. जे आहे ते सांगा, लपवू नका.

मी हे सगळं पुस्तकातून सांगून राहिली. असं मशीन मी स्वतः कधी पाहिलेलं नाही. तुम्ही पाहून आलात की मला सांगा, मी वर्गात सांगीन की माझ्या मामांनी सांगितलं.

तुमची
प्रणाली


पांढुर्णा
१४ जुलै २०२५

चि. प्रणाली,

झालं. जाऊन आलो बावा त्या बोगद्यातून. अन् आता ऐक, कारण हे मले कोणापाशी बोलताच येत नाही. घरचे ऐकून घेत नाहीत, नुसते पाहातात.

आधी एका नर्सबाईनं कागद समोर धरला अन् एकेक ओळीवर बोट ठेवत गेली. छातीत बॅटरी आहे का? नाही. अंगात कुठी लोखंड, सळई, छर्रा? नाही. डोक्याचं ऑपरेशन? नाही. डोक्याले मार लागला होता का? नाही. हेमराज मांगून मान हलवून राहिला होता, नाही, नाही. आम्ही दोघंबी पास झालो.

मंग निजवलं. चेहऱ्यावर पिंजरा लावला, पोपटाच्या पिंजऱ्याहून थोडा मोठा. कानात बोळे, वरून भोंगे. फुगा मी असा गच्च धरला का बोटं पांढरी झाली. अन् सरकलो आत. नाकासमोर छत. चंडीमातेचं नाव घेतलं अन् डोळे मिटले.

अन् पोरी, मंग ते वाजलं!

मले वाटलं होतं, मी बहिरा, मले काय ऐकू येणार. ठक ठक ठक ठक! मंग घर्र घर्र घर्र! मंग असा सूर का जसा पोळ्याले डफडीवाल्याच्या अंगात आलं! कानातूनच नाही, दातातून, जबड्यातून, टाळूतून ऐकू आलं. वर्षभरात एवढं लख्ख मले काहीच ऐकू आलं नव्हतं. बाकीचे लोक म्हणे त्या आवाजाले भेतात, फुगा दाबतात. मी मनात म्हनलं, थांबू नको, वाजव. डोळ्यातून पाणी कानाकडं वाहून राहिलं होतं अन् पुसता येत नव्हतं, कारण हलायचं नाही असं तू सांगतलं होतं. मी तुह्या बैलाइचा इचार करून राहिलो. माह्या डोक्यातले सारे बैल एका रांगेत उभे आहेत, कोणीतरी थाप मारून राहिलं अन् ते मान वळवून राहिले. माहं डोकं, अन् मलेच माहीत नव्हतं का त्यात एवढी वर्दळ आहे. देवळात जसं वाटते ना, तसं वाटलं मले.

बाहेर आलो त काचेमागचा माणूस अंगठा वर करून हसला. त्याले काय माहीत मी काहून रडून राहिलो.

घरी आल्यावर फिल्म खिडकीले धरून पाह्यली. संत्रं आडवं कापल्यावर फाका दिसतात, तसं डोकं दिसते. एका फाकेत डोळे आले आहेत, दोन गोल गोटे. दुसरीत नाक. माहं डोकं मी पासष्टीत पहिल्यांदा पाह्यलं. आरशात त नुसतं टरफल दिसते.

आता मुद्द्याची गोष्ट. रिपोर्ट परवाच आला अन् तवापासून घरात काहीतरी शिजून राहिलं आहे. हेमराजनं जल्मात मले चहा आणून देल्ला नाही, तो आता सकाळ-संध्याकाळ पाय चेपून राहिला. तुही मामी पाठ करून पोळ्या लाटते अन् खांदे हलतात. अन् सारे माह्यासमोरच बोलतात! बापाले ऐकू येत नाही म्हनल्यावर दुसऱ्या खोलीत जायाची जरूरत काय? हेमराज डोक्यावर हात फिरवून दाखवते, "पसरलं" असं तोंड करते. मी आंधळा नाही ना बे.

रिपोर्ट इंग्रजीत आहे. विचारलं त हेमराजनं पाटीवर लिहिलं, "सब ठीक." तुले त्यानं नक्की धाडला असंल. तू सांग.

गुणवंता


सौंसर
१८ जुलै २०२५

मामा,

तुमचं पत्र वर्गात वाचून दाखवलं. पोट्ट्यांनी दोनदा वाचायला लावलं. दातातून ऐकू आलं, हे तर पुस्तकात कुठंच नाही.

इकडे पाऊस बरा आहे. लोधीखेड्याकडची पऱ्हाटी यंदा चांगली दिसून राहिली, कापूस लय होईल. यांना बढती मिळेल असं म्हणतात. मामींना सांगा, त्यांच्या हातचं संत्र्याचं सरबत आठवतं.

रिपोर्टचं म्हणाल तर काही विशेष नाही. वयोमानाने थोडंफार असतंच. डॉक्टर अजून एकदोन तपासण्या करतील, म्हणजे खात्री होईल. तुम्ही आराम करा, ऊन टाळा, डोक्याला त्रास देऊ नका.

तुमची
प्रणाली


पांढुर्णा
२२ जुलै २०२५

प्रणाली,

तूबी?

माह्या अंगातल्या पाण्यावर तू पान भरून लिहिलं. माह्या डोक्यावर चार ओळी, अन् तेवढ्याच पाऊस-पऱ्हाटीवर. सरबत म्हणे! अवं, मी तुले खांद्यावर बसवून जाम नदीचा पूर दाखवला आहे. तू खोटं बोलायची तवा आधी गोड बोलायची, लहानपणापासून. तुही आई ओळखायची अन् मीबी ओळखतो.

घरातले माह्यासमोर तोंड हलवतात, मी टीव्हीचा आवाज बंद करून पाहाव तसं पाहात बसतो. कोणी माह्या मरणाची तयारी करून राहिलं का दवाखान्याची, मले समजत नाही. साऱ्या जगाचा आवाज गेला मनून मी तुह्या कागदावर भरोसा ठेवला. कागद बहिऱ्याले फसवत नाही असं वाटलं होतं.

गाठ असंल त गाठ म्हन. माहं डोकं आहे, हेमराजचं नाही. मले माहीत पाहिजे. खरं लिहायचं नसंल त लिहूच नको.

गुणवंता


सौंसर
२६ जुलै २०२५

मामा,

शंभरदा पाय धरते. तुमचं पत्र वाचून शाळेत गेली नाही. आता जे आहे ते सगळं.

रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी हेमराजदादानं त्याचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "काळं काळं साऱ्या मेंदूवर पसरलं आहे, बाबाले सांगू नको." पसरलं हा शब्द वाचला आणि माझ्या डोक्यातही तेच आलं जे दादाच्या आलं होतं. कॅन्सर. मी रडत बसली. रडता रडता तुम्हाला पऱ्हाटी लिहिली. शिक्षिका म्हणवून घेते आणि रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला नव्हता, लाज वाटून राहिली.

तुमचं रागाचं पत्र आल्यावर बसली आणि एकेक शब्द लावून वाचला. मामा, त्यात पहिल्याच ओळीत आहे: गाठ नाही. कानाच्या नसेवर नाही, कुठंच नाही. पुन्हा लिहिते, गाठ नाही.

मग काळं काय आहे? ते लोखंड आहे.

हो, लोखंड. कुणी घातलेलं नाही, तुमच्याच रक्ताचं. आपलं रक्त लाल असतं ते लोखंडामुळेच. रक्त नळीत वाहतं तोवर ठीक. पण डोक्याच्या आत ते कधी सांडलं, झिरपत राहिलं, तर पाणी वाळून जातं, लाली जाते, लोखंड मागे राहतं. विहिरीच्या पंपाखाली दगडावर गंजाचा थर बसतो ना, तसा मेंदूवर पातळ थर बसला आहे, आणि कानाच्या दोन्ही नसांवर तर नेमका. म्हणून कान गेले. म्हणून तोल जातो.

आणि आता हे ऐका. मी तुम्हाला सांगितलं होतं की मशीन पाण्याचं ऐकतं. पण लोखंड जवळ असलं की तिथली रांगच बिघडते, कुणी धड सरळ होत नाही, काही ऐकूच येत नाही. मशीनला जिथं ऐकू आलं नाही तिथं काळं उमटलं. मामा, हे दोनदा वाचा. तुम्हाला जिथं ऐकू येईना, तिथंच त्या मशीनलाही ऐकू आलं नाही.

शेवटी डॉक्टरांनी एक प्रश्न लिहिला आहे: हे रक्त आलं कुठून? पेशंट तर म्हणतो, डोक्याला मार कधीच नाही. म्हणून ते आता मांडीतून नळी घालून डोक्याच्या रक्तवाहिन्या तपासायचं म्हणून राहिले. दादा त्यालाच भिऊन आहे.

मामा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून दगड मारतात, त्या गोटमारीत तुम्ही किती वर्षं खेळले? आई सांगायची, नदीत मधोमध रोवलेल्या पळसाची झेंडी तुम्ही एकदा जाऊन तोडली होती. पलीकडच्या सावरगावच्या दगडांखालून तुम्ही कोरडे परत आले, असं कसं म्हणू मी? मग नर्सबाईला "नाही" काहून सांगितलं?

तुमची
प्रणाली


पांढुर्णा
९ ऑगस्ट २०२५

चि. प्रणाली,

तुहं पत्र मी चारदा वाचलं. पहिल्यांदा "गाठ नाही" एवढंच. दुसऱ्यांदा तुह्या मामीले वाचून दाखवलं, ती पोळपाट टाकून देव्हाऱ्यापाशी गेली. तिसऱ्यांदा हेमराजच्या हातात देल्लं अन् पाठीवर एक ठेवून देल्ली. "काळं पसरलं" म्हणे! डॉक्टर कायले पाहिजे, आमच्या घरीच आहे ना एक. तो हसला अन् मंग पोरगा माह्या खांद्यावर डोकं ठेवून लय रडला. तुह्यावरचा राग त्याच्यासोबतच वाहून गेला.

चौथ्यांदा एकटाच वाचलं, लोखंडाचं.

नाही काहून सांगतलं, विचारतं? पोरी, मी खोटं नाही बोललो. तिनं विचारलं, मार लागला का. मार मंजे दुश्मनीचा, पडल्याचा, गाडीचा. गोटमारीत लागलेल्याले आपल्याकडं कोणी मार म्हणते का? तो देवीचा मान. दगड लागला का लोक उचलून चंडीमातेपाशी न्यायचे, जखमेवर अंगाऱ्याची भभूत लावायचे, अन् माणूस पुन्हा नदीत उतरायचा. दवाखान्यात गेला तो कमजोर. मले डोक्यात तीनदा लागला आहे. एकदा कानामागं असा बसला का पळसाचं एकच झाड मले दोन-दोन दिसाले लागलं. झेंडी मी त्याच वर्षी तोडली. घरी आईनं हळद भरली, तुही आई उशापाशी पंखा घेऊन बसली. दोन-तीन दिवस ओकाऱ्या झाल्या. मंग उठलो अन् पऱ्हाटी निंदाले गेलो. झालं, संपलं. असंच वाटलं होतं मले. हेमराजलेबी तसंच वाटलं, तो त्याच घरात वाढला.

अन् पाहाय ना वं! त्या झेंडी तोडणाऱ्या पोराच्या, माह्याच, डोक्यात काय सांडलं, हे त्याच्या मायले नाही समजलं, बहिणीले नाही, बायकोले नाही, त्याले स्वतःले नाही. पळसाचं झाड वाहून गेलं, दगड मारणारे म्हातारे झाले. पन रक्त तथीच बसून राहिलं, गंजून, कोणाले काही न सांगता. अन् ज्या मशीनले माहं नाव माहीत नाही, पोळा माहीत नाही, जाम नदी माहीत नाही, तिनं नुसती थाप मारली अन् दाखवून देल्लं. मी देवाले हात जोडतो तसे त्या मशीनले जोडले, लपवत नाही.

नागपूरले जाऊन डॉक्टरले सारं सांगतलं. हेमराजनं इंटरनेटवरून गोटमार दाखवली. डॉक्टरनं ते दोनदा लावून पाह्यलं. मंग त्यायनं पाटीवर लिहिलं, आता अर्थ लागला. असं क्वचितच दिसते म्हणे. मांडीतून नळी सध्या नको, पाठीचा अन् मानेचा एमआरआय करून आधी पाहू का अजून कुठून झिरपून त नाही राहिलं. मी एका पायावर तयार झालो. लोक देवदर्शनाले दोनदा जात नाहीत का?

सावरगावचा सुखदेव पाहाले आला होता. जवानीत आम्ही समोरासमोर उभे राहायचो, तो तिकडं, मी इकडं. मी बोट ठेवून काळं दाखवलं. त्यानं फिल्म उन्हाले धरली, मिशीवर ताव देल्ला अन् माह्या कानापाशी येऊन वरडला, "हा त माहा दगड हाय!" काय मिजास! जसा त्याचा फोटो पेपरात आला. मी म्हनलं, तुहा दगड त नदी पार नाही करायचा लेका. मंग दोघंबी हसलो. मंग त्यानं फिल्म खाली ठेवली अन् हळूच आपल्या उजव्या कानावर हात ठेवला. त्यालेबी वाजते म्हणे आत, दोन वर्षांपासून. पुढच्या खेपेले माह्यासोबत येऊन राहिला. नर्सबाईनं विचारल्यावर काय सांगायचं ते त्याले मी शिकवून ठेवलं आहे.

आता जे राहिलं ते सांगतो, तू खरं लिहिलं मनून मीबी लिहितो. डॉक्टरनं पाटीवर शेवटी लिहिलं, गेलेलं ऐकणं परत येणार नाही. जे उरलं तेबी हळूहळू जाईन. वर्ष लागंल, कमी लागंल, सांगता येत नाही. पुढं एक यंत्र कानात बसवता येते, पन नस एवढी गंजली असल्यावर ते काम करंल का नाही, त्याची खात्री ते देत नाहीत. मी घरी पाटी पुसून टाकली, कोणी वाचायच्या आधी. मंग पुन्हा लिहिली अन् साऱ्याइले दाखवली. आपल्या घरात आता लपवालपवी नको.

काल हिशेब करत बसलो का उरलेल्या कानात काय काय भरून घ्याचं. नातवाचं रडणं झालं. मामीचं ओरडणं त भिंतीलेबी ऐकू येते. अन् मंग आठवलं, तू लहानपणी तुह्या आईवाणी बोलायची. तू फोन उचलला का लोक फसायचे, ताई बोलून राहिली का पोरगी. माह्या बहिणीचा आवाज या दुनियेत आता तुह्या गळ्याशिवाय कुठीच नाही.

या पत्राले उत्तर लिहू नको. पोळ्याच्या आधी ये. उजव्या बाजूले, कानाजवळ बस, अन् काहीबी बोल.

तुहा
गुणवंता मामा